वात, झीज, वंगण आणि वाट्या : गुडघेदुखीचा इतिहास

आजचा विषय घरोघरचा आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. आपल्याकडे गुडघा दुखला की लोक काय म्हणतात बघा. ‘वात आलाय’, ‘झीज झालीय’, ‘वंगण संपलंय’, आणि शेवटी ‘वाट्या बदलून टाका’. हे चार शब्द आपण एका दमात वापरतो. पण प्रत्येक शब्द वेगळ्या काळातून आलेला आहे आणि प्रत्येकात एक निदान दडलेलं आहे. निदान चुकलं की उपचार चुकतो. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

सगळ्यात जुना शब्द वात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींवर स्वतंत्र अध्याय आहे. सांध्यात वात शिरला की तो हाताला हवा भरलेल्या चामडी पिशवीसारखा लागतो, आखडताना-पसरताना दुखतो, असं तिथे वर्णन आहे. सुजलेला गुडघा ज्यांनी चाचपून पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल. त्याच अध्यायात गृध्रसी येते. कमरेतून निघून मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत उतरणारी ही कळ. सुश्रुतसंहितेत कोल्ह्याच्या डोक्यासारखा सुजलेला गुडघा आहे, त्याचं नाव क्रोष्टुकशीर्ष. पुढे माधवनिदानात आमवाताचं वेगळं प्रकरण आलं.

म्हणजे जुन्या वैद्यांनी ही दुखणी वेगवेगळी ओळखली होती. सगळ्यांची मोट बांधून ‘संधिवात’ म्हणायला लागलो ते आपण! त्यामागची कारणं मात्र बऱ्याच उशिरा कळली. १८४८ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असल्याचं दाखवलं. सांध्यातल्या पाण्यात त्याचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत १९६१ मध्ये आली. आणि गृध्रसी, म्हणजे आपली सायटिका? १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की पाय दुखतो. दुखतो पाय, दोष कमरेत. अशा माणसाच्या गुडघ्याला कितीही तेल चोळलं तरी काय उपयोग?

दुसरा शब्द झीज. हा रोंटगेन यांच्या १८९५ च्या शोधानंतरचा, एक्स-रेच्या जमान्यातला. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक्स-रेवरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. आजही रिपोर्टवर ‘ग्रेड थ्री’ वगैरे लिहिलेलं असतं, ते तिथून आलंय. आता गंमत बघा. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. आणि कूर्चेला संवेदना देणाऱ्या नसाच नसतात. कळ येते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, आजूबाजूच्या स्नायू-बंधांतून. त्यामुळे फोटो वाईट आणि माणूस मजेत चालतोय, किंवा फोटो बरा आणि जिना चढवत नाही, असं दोन्ही सर्रास आढळतं. आपण मात्र फोटो बघूनच घाबरतो.

तिसरा शब्द वंगण. गुडघा म्हणजे यंत्र, तेव्हा आत साफसफाई केली की चालेल, ही ती कल्पना. १९१८ मध्ये टोकियोत केनजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायच्या दुर्बिणीने मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ते तंत्र रोग्यांसाठी वापरण्याजोगं केलं. पुढे दुर्बिणीतून झिजलेला गुडघा धुणं, खरवडणं जगभर रूढ झालं. रोगी सांगायचे, बरं वाटतं.

मग ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रोगी घेतले. काहींचा गुडघा खरवडून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या कातडीवर फक्त छोटे छेद देऊन टाके घातले. तिसऱ्या गटात आपण असू शकतो हे सगळ्यांना आधी सांगून संमती घेतली होती. दोन वर्षं पाठपुरावा केला. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला : खऱ्या शस्त्रक्रियेचे गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. दुर्बीण निकामी आहे असा याचा अर्थ नाही. खेळताना बंध तुटला, गुडघा अडकला, तिथे ती लागतेच. पण नुसत्या झिजेसाठी धुलाई? नाही.

चौथा शब्द वाट्या. खरं तर या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक यांवर नवे पृष्ठभाग बसवतात. वाटी कित्येकदा तशीच ठेवतात. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंती गुडघा बसवला होता, पण जंतुसंसर्गापुढे ते सांधे टिकले नाहीत. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा साचा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी घडवला. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सुमारे १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. योग्य रोग्याला ही शस्त्रक्रिया पुन्हा चालतं करते. पण ती पायरी शेवटची आहे.

मग पहिली पायरी कोणती? मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम, आणि वजन. एक किलो वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. शेक द्या, तेल लावा, बरं वाटत असेल तर हरकत नाही. मात्र गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, एकच पोटरी अचानक सुजली, पडल्यावर पायावर भार देता येईना, किंवा थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, तर घरी थांबू नका. यातलं शेवटचं लक्षण बऱ्याचदा रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं असतं, सांध्याचं नव्हे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा फोटोतली ग्रेड विचारा, पण त्याआधी हे विचारा : माझं दुखणं नेमकं कुठून येतंय, आणि ऑपरेशनआधी काय काय करून बघायचं राहिलंय? हे विचारायला संकोच नको. गुडघा आपला आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.