फॉर्म, हिरवळ आणि विम्बल्डनचे भाकीत

पॅरिसच्या लाल मातीवर फ्रेंच ओपनचा शेवटचा गुण नोंदला गेला, की टेनिसप्रेमींच्या चर्चेचा रोख लंडनकडे वळतो. यंदा विम्बल्डन कोण जिंकणार, हा प्रश्न कट्ट्यावर, कचेरीत आणि टेनिस क्लबांच्या व्हरांड्यात एकाच हिरीरीने चर्चिला जातो. कुणी जागतिक क्रमवारीचा दाखला देतो, कुणी मागील स्पर्धेतील विजयाचा, तर कुणी एखाद्या जुन्या नामवंताच्या नावावर फुली मारून मोकळा होतो. या साऱ्या युक्तिवादांत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘फॉर्म’. मात्र फॉर्म हा झालेल्या सामन्यांचा हिशेब असतो, तर विजेतेपदाची शक्यता हा पुढील पंधरवड्यातील सात सामन्यांविषयीचा अंदाज असतो. या दोहोंत पृष्ठभाग, मानांकन, कार्यक्रमपत्रिका आणि सामन्याचे स्वरूप हे घटक उभे असतात. त्यांचा विचार न करता बांधलेली भाकिते विम्बल्डनने अनेकदा खोटी ठरवली आहेत.

क्रमवारी काय सांगते?

जागतिक क्रमवारी ही मागील ५२ आठवड्यांत मिळवलेल्या गुणांवर आधारलेली असते. वर्षातील बहुतांश स्पर्धा हार्ड कोर्टवर आणि मातीवर होतात. हिरवळीवरील स्पर्धांचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो. त्यामुळे क्रमवारीतील स्थान खेळाडूच्या सातत्याची साक्ष देते, हिरवळीवरील त्याच्या प्रभुत्वाची ती देतेच असे नाही. शिवाय क्रमवारीवर खेळाबाहेरील घटनांचाही परिणाम होतो. २०२२ मध्ये विम्बल्डनने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर टेनिस संघटनांनी त्या वर्षी स्पर्धेचे क्रमवारी गुणच रद्द केले. परिणामी नोव्हाक जोकोविच विजेता ठरूनही त्याला एकही गुण मिळाला नाही आणि आधीच्या वर्षीचे गुण वजा झाल्याने तो सातव्या स्थानी घसरला. केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्याला त्या आठवड्यात विम्बल्डन विजेता सातव्या क्रमांकाचा खेळाडू वाटला असता.

हिरवळीचा स्वभाव

हिरवळीवर चेंडू फारसा उसळत नाही. तो घसरत पुढे येतो. मातीवर चेंडू उंच उसळतो आणि खेळाडूला फटक्यासाठी अधिक वेळ मिळतो. हिरवळीवर तो वेळ आखडतो, पाऊल घसरण्याचे भय असते आणि प्रभावी सर्व्हिसचे मोल वाढते. पहिल्या आठवड्यात गवत ताजे व निसरडे असते. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचे गवत झिजून खालची कठीण माती उघडी पडते. एकाच स्पर्धेत पृष्ठभागाचे असे स्वरूप बदलत जाते.

या हिरवळीतही काळानुरूप बदल झाले. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टवर संपूर्णतः राय जातीचे गवत वापरले जाते. त्यापूर्वी त्यात फेस्क्यू जातीचे मिश्रण असे. नव्या गवतामुळे कोर्ट अधिक टिकाऊ झाले आणि चेंडूची उसळी अधिक खात्रीची झाली. सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धाव घेणाऱ्या शैलीची सद्दी पुढील काळात ओसरली, त्यामागे हे एक कारण मानले जाते. रॅकेट व तारांमधील सुधारणांचाही त्यात वाटा आहे. म्हणूनच नव्वदच्या दशकातील निकष आजच्या खेळाडूंना जसेच्या तसे लावणे योग्य ठरत नाही.

तरीही मातीवरून हिरवळीवर येणे सोपे नाही. फ्रेंच ओपन व विम्बल्डन यांत पूर्वी केवळ दोन आठवड्यांचे अंतर असे. २०१५ पासून ते तीन आठवड्यांचे झाले. खुल्या युगात पुरुषांमध्ये एकाच वर्षी ही दोन्ही विजेतेपदे मिळवणारे मोजकेच आहेत : रॉड लेव्हर (१९६९), बियाँ बोर्ग (१९७८, १९७९ व १९८०), राफेल नदाल (२००८ व २०१०), रॉजर फेडरर (२००९), जोकोविच (२०२१) आणि कार्लोस अल्कराझ (२०२४). याच्या नेमके उलट उदाहरण इव्हान लेंडलचे. आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि २७० आठवडे अव्वल स्थान असा लौकिक असलेल्या लेंडलला विम्बल्डन मात्र कधीच जिंकता आले नाही. १९८६ व १९८७ मध्ये त्याला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले.

सराव स्पर्धांची साक्ष

लंडनमधील क्वीन्स क्लब आणि जर्मनीतील हाले या स्पर्धांचे निकाल चाहते बारकाईने पाहतात. त्यात तथ्यही आहे. १९८५ मध्ये सतरा वर्षांचा बोरिस बेकर क्वीन्सचे विजेतेपद मिळवून विम्बल्डनला आला आणि बिगरमानांकित असूनही विजेता ठरला. परंतु १९९० मध्ये लेंडलने फ्रेंच ओपनवर पाणी सोडून हिरवळीवर सराव केला, क्वीन्सच्या अंतिम सामन्यात बेकरला सहज हरवले आणि तरीही विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत स्टीफन एडबर्गकडून तो पराभूत झाला. जोकोविचने तर २०११, २०१४, २०१५ व २०१९ मध्ये हिरवळीवरील एकही अधिकृत सराव स्पर्धा न खेळता विम्बल्डन जिंकले.

२०२५ चे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. अल्कराझने फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत यानिक सिनरला हरवले. पाच तास २९ मिनिटांच्या त्या लढतीत सिनरने तीन मॅच पॉइंट गमावले होते. त्यानंतर अल्कराझ क्वीन्समध्ये विजयी झाला, तर सिनर हालेमध्ये दुसऱ्याच फेरीत अलेक्झांडर बुबलिककडून हरला. अलीकडचे निकाल हाच निकष मानला असता, तर अल्कराझच्या नावापुढे प्रश्नचिन्हच उरले नसते. प्रत्यक्षात विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिनरने त्याला ४-६, ६-४, ६-४, ६-४ असे नमवले. त्याच वर्षी महिलांमध्ये इगा श्वियाटेक विजेती ठरली. २०२४ च्या फ्रेंच ओपननंतर तिला एकही विजेतेपद मिळाले नव्हते आणि विम्बल्डनमध्ये त्यापूर्वी ती उपान्त्यपूर्व फेरीपलीकडे गेली नव्हती. मात्र स्पर्धेच्या तोंडावर बाड होम्बुर्गच्या हिरवळीवर तिने अंतिम फेरी गाठली होती. हा संकेत फार थोड्यांनी गांभीर्याने घेतला.

मानांकनाचे गणित

विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि २००१ पासून त्यातील ३२ जणांना मानांकन दिले जाते. त्यापूर्वी ही संख्या १६ होती. मानांकित खेळाडूंची परस्परांशी गाठ तिसऱ्या फेरीपूर्वी पडत नाही, हा मानांकनाचा मुख्य लाभ. २००२ ते २०१९ या काळात पुरुषांचे मानांकन ठरवताना क्रमवारीच्या जोडीला हिरवळीवरील आधीच्या कामगिरीचे गुण धरले जात. २०२१ पासून ही पद्धत बंद झाली.

या पद्धतीचे महत्त्व २०१८ मध्ये दिसले. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेला जोकोविच तेव्हा क्रमवारीत २१ वा होता, परंतु त्याला १२ वे मानांकन मिळाले आणि विजेतेपदही त्यानेच पटकावले. त्याच वर्षी प्रसूतीनंतर पुनरागमन करणारी सेरेना विल्यम्स क्रमवारीत १८३ वी असताना विम्बल्डनने तिला २५ वे मानांकन दिले. काहींनी त्यावर आक्षेप घेतला. सेरेनाने अंतिम फेरी गाठून त्याला परस्पर उत्तर दिले. अंतिम लढत मात्र अँजेलिक कर्बरने जिंकली.

कार्यक्रमपत्रिका आणि नशीब

विजेत्याला सात सामने जिंकावे लागतात आणि ते कोणाविरुद्ध, हे सोडतीवर अवलंबून असते. भारतीय टेनिसप्रेमींना याची जाणीव जुनी आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९६० व १९६१ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनची उपान्त्य फेरी गाठली. पहिल्या वर्षी नील फ्रेझर आणि दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हर यांनी त्यांची वाट अडवली. हे दोघेही त्या त्या वर्षी विजेते ठरले. म्हणजेच कृष्णन यांना हरवण्यासाठी दोन्ही वेळा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू लागला. केवळ ‘उपान्त्य फेरीत पराभूत’ या नोंदीतून ही बाब कळत नाही.

नशिबाचा दुसरा चेहरा २०२५ मध्ये दिसला. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोव्हने सिनरविरुद्ध पहिले दोन सेट ६-३, ७-५ असे जिंकले होते. तिसऱ्या सेटमध्ये २-२ अशी बरोबरी असताना छातीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे दिमित्रोव्हला माघार घ्यावी लागली. सहा दिवसांनी सिनरच्या हाती विजेत्याचा चषक होता.

परस्परांविरुद्धची कामगिरी

‘अमुक खेळाडू तमुकला नेहमीच हरवतो’, हा चर्चेतील हुकमी युक्तिवाद. फेडरर व नदाल यांच्यातील ४० सामन्यांपैकी २४ नदालने जिंकले, हे खरेच. पण त्यातील मातीवरच्या १६ लढतींत नदाल १४-२ असा पुढे होता, तर हार्ड कोर्टवर फेडरर ११-९ आणि हिरवळीवर ३-१ असा आघाडीवर होता. एकूण आकडा एक सांगतो आणि पृष्ठभागनिहाय आकडे निराळेच सांगतात. मात्र हिरवळीवरील नदालचा तो एकमेव विजय २००८ च्या अंतिम सामन्यातील, ६-४, ६-४, ६-७, ६-७, ९-७ असा. त्यापूर्वी फेडरर सलग पाच वर्षे विजेता होता. त्या वर्षी हालेचे विजेतेपद फेडररकडे, तर क्वीन्सचे नदालकडे होते. दोघेही फॉर्मात असताना भाकिताला आधार तो काय उरतो?

पाच सेट आणि तीन सेट

पुरुषांचे सामने पाच सेटपैकी सर्वोत्तम, तर महिलांचे तीन सेटपैकी सर्वोत्तम असतात. दीर्घ सामन्यात सरस खेळाडूला सावरण्यास अवसर मिळतो. छोट्या सामन्यात एक वाईट तासही घातक ठरतो. २००३ ते २०२२ या काळात झालेल्या १९ स्पर्धांत पुरुषांमध्ये फेडरर, नदाल, जोकोविच व अँडी मरे हे चौघेच विजेते झाले. २०२० मध्ये महासाथीमुळे स्पर्धा झाली नाही. महिलांमध्ये २०१७ ते २०२५ मधील आठ स्पर्धांत आठ निरनिराळ्या विजेत्या झाल्या. यामागे सामन्याचे स्वरूप हे एकमेव कारण नाही; त्या चौकडीची असामान्य गुणवत्ताही ध्यानात घ्यावी लागते. तथापि महिला गटाचे भाकीत करताना अधिक नावे विचारात घेणे शहाणपणाचे ठरते.

‘संपला’ हा निष्कर्ष

चर्चेतील सर्वांत घाईचा निष्कर्ष म्हणजे एखादा खेळाडू संपला हा होय. २००१ मध्ये गोरान इव्हानिसेविच क्रमवारीत १२५ वा होता. विम्बल्डनचे तीन अंतिम सामने हरलेल्या या क्रोएशियन खेळाडूला वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळाला. पावसामुळे सोमवारी खेळवण्यात आलेल्या अंतिम सामन्यात पॅट्रिक राफ्टरला पाच सेट्समध्ये हरवून तो विजेता झाला.

पुढच्याच वर्षी सात वेळचा विजेता पीट सॅम्प्रास दुसऱ्या फेरीत जॉर्ज बास्टलकडून हरला. दोन वर्षे त्याला एकही विजेतेपद मिळाले नव्हते आणि त्याने निवृत्त व्हावे, असे उघडपणे बोलले जाऊ लागले. अवघ्या दोन महिन्यांत १७ व्या मानांकित सॅम्प्रासने अंतिम लढतीत आंद्रे आगासीला हरवून अमेरिकन ओपन जिंकली. ते त्याचे चौदावे ग्रँड स्लॅम विजेतेपद. त्यानंतर तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. त्या उन्हाळ्यात टीकाकारांचे ऐकून त्याने रॅकेट खाली ठेवली असती, तर टेनिसच्या इतिहासातील हे पान कोरेच राहिले असते. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे २०२२ चे विम्बल्डन हुकलेली मार्केटा व्होंड्रोसोवा २०२३ मध्ये ४२ व्या क्रमांकावर होती. ऑन्स जेबरला सरळ सेट्समध्ये हरवून विम्बल्डनच्या महिला एकेरीत विजेती ठरलेली ती पहिली बिगरमानांकित खेळाडू झाली.

भाकीत कसे करावे?

सारांश, विम्बल्डनची चर्चा करताना काही प्रश्न क्रमाने विचारावेत. खेळाडूची हिरवळीवरील आजवरची कामगिरी कशी आहे? मागील महिन्याचे निकाल कोणत्या पृष्ठभागावरचे आहेत? तो पराभूत झाला असेल, तर कोणाकडून? दुखापतीतून परतून त्याला किती सामने खेळायला मिळाले? सोडतीत त्याच्या बाजूला कोण आहे? एवढे पाहिल्यावर संभाव्य विजेत्यांची यादी चार-पाच नावांपर्यंत येते.

त्यापुढे मात्र कोणताही हिशेब पुरा पडत नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर आणि स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररकडे विजेतेपदाचे दोन गुण होते. ते दोन्ही जोकोविचने वाचवले, सामन्यातील तिन्ही टायब्रेकर जिंकले आणि चार तास ५७ मिनिटांनंतर विजेतेपद राखले. त्या दिवशी अधिक चांगला खेळ कोणाचा झाला, हा वाद टेनिसप्रेमींमध्ये अद्याप मिटलेला नाही.