तुळशीचे पान आणि तुळशीचे तेल

गोमंतकातील हिंदू घराच्या अंगणात तुळशीवृंदावन नाही, असे सहसा आढळत नाही. सकाळी तिला पाणी, तिन्हीसांजेला दिवा आणि कार्तिकात ऊस, चिंच व आवळा यांच्या सान्निध्यात तिचे लग्न, हा क्रम कित्येक पिढ्या चालत आला आहे. परंतु याच भूमीत तुळस लावणे हा एके काळी अपराध ठरला होता. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. बाटलेल्या कुटुंबांतून जुने आचार नाहीसे व्हावेत म्हणून ज्या गोष्टींवर त्यात बंदी घातली, त्यांत तुळसही होती. घरात, परसात वा बागेत ती लावू नये आणि असल्यास उपटून टाकावी, अशी ती आज्ञा होती. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. तुळस मात्र अंगणात राहिली.

पूजेप्रमाणेच औषधातही तुळशीचे स्थान जुने आहे. चरकसंहितेत ‘सुरसा’ या नावाने तिचा उल्लेख येतो आणि उचकी, खोकला, श्वास व बरगड्यांतील वेदना यांवर ती उपयुक्त मानली आहे. आपल्या घरांतून तिचा रस मधातून देतात, पानांचा काढा करतात. या सर्व प्रकारांत वापरतात ती मूठभर पाने.

अलीकडे बाजारात दिसणारी तुळशीच्या तेलाची लहानशी कुपी ही अगदी वेगळी वस्तू होय. सुगंधी तेलांनी उपचार करण्याच्या पद्धतीस ‘अरोमाथेरपी’ हे नाव गात्फोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या १९३७ सालच्या ग्रंथाने रूढ केले. हे तेल काढण्यासाठी पाल्यातून वाफ सोडतात आणि ती थंड करून वर तरंगणारे तेल वेगळे करतात. शंभर किलो ताज्या पाल्यातून अर्धा किलो तेलही क्वचितच मिळते. पानात अंशमात्र असलेले द्रव्य कुपीत असे एकवटलेले असते.

शिवाय ‘बेझिल’ या एकाच नावाखाली दोन वनस्पती येतात. एक आपली तुळस. दुसरी, जिचे बी आपण सरबतात घालतो तो सब्जा. तुळशीच्या तेलात बहुधा युजेनॉल हे लवंगेच्या वासाचे द्रव्य प्रमुख असते, शिवाय मेथिल युजेनॉलही असते. सब्जाच्या काही जातींत लिनालूल अधिक, तर काहींत एस्ट्रागोल अधिक. एस्ट्रागोलमुळे उंदरांच्या यकृतात अर्बुदे होतात, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. मेथिल युजेनॉल हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करण्याचा बराच संभव असलेले द्रव्य होय, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली ठरविले. म्हणून कुपीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहिल्यावाचून ती घेऊ नये.

याचा अर्थ तेल त्याज्य आहे असा नव्हे. प्रयोगशाळेत ते अनेक जंतूंची वाढ रोखते आणि डासांच्या अळ्या मारते. हवेशीर खोलीत थोडा वेळ घेतलेल्या त्याच्या वासाने कित्येकांस हुशारी वाटते. त्वचेवर लावावयाचे तर शंभर भाग खोबरेल वा तिळेलात एका भागाहून अधिक घालू नये, आणि आधी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी, कारण युजेनॉल काहींच्या त्वचेस सोसत नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी वैद्यांस विचारल्याशिवाय ते वापरू नये. कुपी मुलांच्या हाती लागू देऊ नये. युजेनॉलयुक्त तेल पोटात गेल्यास मुलाच्या यकृतास गंभीर इजा होऊ शकते.

श्रद्धाळू मनास येथेच चकवा बसतो. तुळस पवित्र, तेव्हा तिचे तेल कितीही घेतले तरी बाधणार नाही, असे सहज वाटून जाते. परंतु पूर्वजांनी जे अनुभवाने पारखले ते पान. कुपीतील अर्क त्यांच्या अनुभवात नव्हता. परंपरेचा दाखला द्यावयाचा तर तिने पाळलेले प्रमाणही पाळले पाहिजे. तीर्थात आपण तुळशीचे पान घालतो. तेथे तेलाचा थेंब घालू नये.