मडके कच्चे की पक्के?

गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? तेरच्या त्या कुंभाराने संतमंडळींत बसलेल्या एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेव तेवढे रागावताच ‘हे मडके कच्चे’ असा निकाल दिला, असे परंपरा सांगते. या कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकारांनी पुष्कळ उलगडला आहे. मला मात्र गेल्या वर्षी तिच्यातला कुंभारी अर्थ कळला, आणि तोही एका जुन्या विजेच्या भट्टीपायी.

माझी धाकटी बहीण तीस वर्षे मातीकाम करीत आली. पुढे संधिवाताने तिची बोटे आखडली आणि चाक थांबले. थांबण्यापूर्वी घडविलेली अकरा भांडी कच्चीच फळीवर राहिली होती. कच्चे भांडे पाण्यात ठेवले तर रात्रीतून त्याचा पुन्हा चिखल होतो. एरवी कुंभाराला त्याचे काही वाटत नाही. तो चिखल मळतो आणि नवे भांडे घडवितो. पण आता नवे घडणार नव्हते. ती ज्या कार्यशाळेत भांडी भाजून घेई तीही मिटली, आणि तिथली भट्टी जुन्या बाजारभावाने विकायला निघाली. मी इतिहासाचा मास्तर. विजेच्या तारेला कधी हात लावला नव्हता. तरी ती घेऊन आलो.

भट्टी दिसायला साधी. हलक्या, सच्छिद्र विटांचे पिंप, भिंतीतल्या खाचांतून फिरविलेली तारेची दोन वेटोळी, आणि बाहेर तापमान दाखविणारी तबकडी. बहिणीने बजावले, “दादा, आधी रिकामी तापव. माझी भांडी तिच्यावर शिकायला नाहीत.” त्याप्रमाणे रिकामी तापविली. काटा ७६० अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि तिथेच बसला. चार तास वाट पाहिली, तो हलेना. आम्हांला हजार हवे होते.

पहिला संशय व्होल्टेजवर. २३० चे २०५ झाले, म्हणजे दाब अकरा टक्क्यांनी उतरला, तर उष्णता वीस टक्क्यांनी घटते. कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. परंतु भट्टी चालू असताना वायरमनने मोजले तेव्हा दाब २२८ भरला. मग वीज तोडून, प्लग काढून, त्याने एकेका वेटोळ्याचा रोध मोजला. पाटीवरच्या आकड्यांप्रमाणे प्रत्येकी २३ ओहम हवे होते. एकाचे २८ निघाले. दुसऱ्याचा काटा हललाच नाही. ते तुटलेले होते.

इथे मला मँचेस्टरकडचा जेम्स जूल आठवला. दारू गाळण्याचा घरचा धंदा सांभाळून या गृहस्थाने १८४१ मध्ये दाखवून दिले की, तारेत उपजणारी उष्णता रोधाच्या आणि विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे वाचून मला वाटले, रोध वाढला तर उष्णता वाढायला हवी! वायरमन हसला. दाब ठरलेला असला की रोध वाढताच प्रवाह कमी होतो, आणि वर्ग प्रवाहाचा असल्यामुळे नुकसानच अधिक. २३ ओहमचे वेटोळे २,३०० वॉट देते, २८ चे जेमतेम १,९००. दोन मिळून ४,६०० वॉटची भट्टी निम्म्याहून कमी बळावर चालली होती.

तुटलेली तार जोडावी म्हणून मी पकडीने किंचित वाकविली, तर ती काडीसारखी मोडली. त्याचेही एक कारण आहे आणि त्यालाही एक इतिहास आहे. प्रयोगशाळांतल्या जुन्या विजेच्या भट्ट्यांना प्लॅटिनमची तार लागे. ती राजेरजवाड्यांना परवडावी. १९०६ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले, आणि लाल होऊनही न जळणारी स्वस्त तार जगाला मिळाली. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव्ह याने लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ‘कँथाल’ तार पुढे आणली. तापल्यावर हिच्या अंगावर अ‍ॅल्युमिनाचा पातळ पापुद्रा धरतो. तेच तिचे चिलखत. पण बरीच वर्षे तापलेली ही तार थंड असताना ठिसूळ होते. वाकवायची तर आधी लाल करावी लागते. हे कळेपर्यंत माझ्या हातात दोन तुकडे होते.

दोन्ही वेटोळी नवी बसविली. जुन्याशेजारी नवे लावले असते तर भट्टी एका अंगाने अधिक तापली असती. जोडाच्या जागी काळवंडलेले स्क्रू आणि करपलेली वायर, तीही बदलली. सैल जोड हा स्वतःच एक लहानशी भट्टी असतो. मग पुन्हा रिकामी तापविली, कारण नव्या तारेला आपले चिलखत आधी चढवू द्यावे लागते. बहिणीने आत मातीचा एक चिमुकला शंकू ठेवायला लावला. हजार अंशांच्या आसपास वाकून माथा टेकणारा तो शंकू. झरोक्यातून पाहतो तो शंकू आडवा झालेला, आणि तबकडी म्हणते ९४०!

खरे कोण? या प्रश्नाला दोन शतकांची परंपरा आहे. इंग्लंडचा प्रख्यात कुंभार जोसाया वेजवुड याने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक उष्णतामापक मांडला. माती भाजली की आकसते. तेव्हा भाजलेला मातीचा तुकडा निमुळत्या खाचेत किती पुढे सरकतो त्यावरून आच ओळखायची. दुसऱ्याच वर्षी त्याला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. परंतु आपल्या अंशांची त्याने नेहमीच्या अंशांशी घातलेली सांगड साफ चुकली. त्याच्या हिशेबाने चांदी ४,७१७ अंश फॅरनहाइटला वितळायची. ती वितळते सुमारे १,७६३ ला. आकडा चुकला, पण माती चुकली नव्हती. त्याच आचेला ती तितकीच आकसे. १८८६ मध्ये बर्लिनला हेर्मान झेगर याने आकड्याचा मोह बाजूला ठेवून शंकू घडविले, आणि १८९६ पासून अमेरिकेत ओहायोमध्ये एडवर्ड ऑर्टन ते करू लागला. शंकू तापमान एकटे मोजत नाही. ते किती वेळ टिकले तेही त्यात येते. भांड्यालाही तेच भोगावे लागते.

आमच्या तबकडीचा काटा हलविणारी दोन धातूंची जोडतार वर्षानुवर्षांच्या आचेने झिजून थकली होती आणि कमी सांगत होती. तिच्यावर विसंबून मी हजारांची वाट पाहिली असती, तर भांडी अधिक भाजून वेडीवाकडी झाली असती. जोडतार बदलली, तरी झरोक्यासमोरचा शंकू ठेवलाच.

शेवटी अकरा भांडी आत गेली. पहिले काही तास झाकण किलकिले ठेवून ओल जाऊ दिली. ५७३ अंशांपाशी मातीतली गारगोटी आपले स्वरूप बदलते व फुगते. तिथे आम्ही घाई केली नाही. पहाटे शंकूने माथा टेकला, वीज बंद केली. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत झाकणाला कोणी हात लावला नाही.

दहा भांडी धड निघाली. एकाचा बूड तडकला होता. बहिणीने एकेक भांडे कानाशी धरून आखडलेल्या बोटाच्या पेराने टिचकी मारली. दहा वेळा खणखणीत नाद आला, अकराव्या वेळी भद्द. तिने ते अकरावेही खाली ठेवले नाही. “असू दे, दादा,” ती म्हणाली, “तडकले आहे, पण कच्चे नाही.”

आता त्यात तिने तुळस लावली आहे. पाणी तळातून झिरपते. माती मात्र विरघळत नाही.