थेम्स, तीन पंच आणि गटाराचं दुसरं टोक

शहरातली जुनी ड्रेनेज लाइन बदलायची म्हटलं की आपल्याला दिसतो तो खणलेला रस्ता, बॅरिकेड्स आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा बोर्ड. काम मोठं असेल तर त्यामागे एक जाडजूड अहवालही असतो. या कामाने हवा, पाणी, झाडं, मासे, आसपासची माणसं यांचं काय होईल, ते त्यात लिहिलेलं असतं. हा पर्यावरण आढावा म्हणजे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं फॅड, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायदा म्हणून पाहिलं तर ते खरंही आहे. अमेरिकेत असा कायदा १९७० साली आला, युरोपात १९८५ साली. पण गेले काही वीकएंड मी लंडनच्या गटारांचा इतिहास वाचतोय (लोक सिनेमे बघतात, मी गटारं वाचतो :-) ) आणि तिथे असा एक आढावा चक्क १८५७ साली झालेला सापडला. नाव अर्थातच ते नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कारभाऱ्यांनी घरोघरचे शोषखड्डे बंद करायला लावून सगळा मैला गटारांत वळवला. ही गटारं मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि जाऊन मिळत होती थेम्सला. म्हणजे घरातली घाण गेली नदीत, आणि त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. १८४८-४९च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसं मेली. १८५३-५४ मध्ये आणखी दहा हजारांवर.

मग १८५५ मध्ये कायदा झाला, मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स नावाचं मंडळ स्थापन झालं आणि जोसेफ बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले. कायद्यात एक अट होती, शहरात किंवा शहराजवळ थेम्समध्ये मैला जाता कामा नये. आणि मंडळाचा आराखडा सरकारच्या बांधकाम खात्याने मंजूर केल्याशिवाय कुदळ मारायची नाही. खात्याचे प्रमुख होते सर बेंजामिन हॉल. (बिग बेन ही घंटा त्यांच्याच नावावरून, असं सांगतात.)

बॅझलजेटची योजना अशी. नदीकडे उतरणारी जुनी गटारं तशीच ठेवायची, पण नदीला समांतर मोठ्या आडव्या वाहिन्या बांधून त्यांना वाटेतच अडवायचं आणि सगळं पाणी पूर्वेकडे न्यायचं. आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम बंद करता येत नाही तेव्हा तिच्यापुढे एक नवीन लेयर टाकतात, तसंच काहीसं. डोकं मात्र जबरदस्त. भांडण झालं ते वाहिनीच्या दुसऱ्या टोकावरून. मैला अखेर सोडायचा कुठे?

हॉलसाहेबांनी आराखडा परत पाठवला. ही जागा शहराच्या फार जवळ आहे, पुढे जा. बॅझलजेटनी जागा खाली सरकवली. तेवढ्यानेही समाधान झालं नाही, तेव्हा हॉलनी तीन पंच नेमले: कॅप्टन डग्लस गॅल्टन, जेम्स सिम्प्सन आणि थॉमस ब्लॅकवेल. सिम्प्सन साधा माणूस नव्हता. पिण्याचं पाणी वाळूतून गाळून द्यायचं काम त्याने १८२९ मध्येच चेल्सीत करून दाखवलं होतं. जुलै १८५७ मध्ये पंचांचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं, मैला पार समुद्राच्या तोंडाजवळ, सी रीचपर्यंत न्या. आणि खर्च? बॅझलजेटच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त!

मूळ तांत्रिक वाद भरती-ओहोटीचा होता आणि मला तो फारच आवडला. थेम्स लंडनमध्ये भरतीची नदी आहे, पाणी दिवसातून दोनदा उलटं वर चढतं. बॅझलजेट म्हणत होते, मैला साठवून ठेवू आणि ऐन भरतीच्या टोकाला सोडू. मग ओहोटीबरोबर तो बारा मैल खाली जाईल, म्हणजे तितकी लांब वाहिनी बांधल्यासारखंच झालं. एका ओहोटीपुरतं हे बरोबर आहे. पण सहा तासांनी पुढची भरती येते, तिचं काय? एकच केस चालवून टेस्ट पास म्हणायचं, त्यातला हा प्रकार. मंडळाने उलट बिडर आणि हॉक्सली या नामवंत अभियंत्यांना बॅझलजेटबरोबर बसवून नवा अहवाल करवला. तो अर्थातच मंडळाच्या बाजूने आला. अहवालावर अहवाल. वीट एकही नाही.

आणि मग १८५८चा जून उजाडला. उन्हाळा कडक, नदी आटलेली, आणि पार्लमेंटची इमारत नेमकी काठावर. पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून लावले तरी सभासदांना बसवेना. जी गोष्ट हजारो मेलेल्यांनी झाली नाही ती वासाने झाली. डिझरायलींनी १५ जुलैला विधेयक मांडलं आणि २ ऑगस्टला कायदा झाला. अठरा दिवस! मंडळाला तीस लाख पौंड कर्ज काढायची परवानगी मिळाली. त्याच कायद्याने सरकारचा नकाराधिकार काढून टाकला आणि मैला नदीत न सोडण्याच्या अटीला ‘शक्य असेल तितपत’ अशी शेपटी जोडली. पंचांचा अहवाल गेला कपाटात.

आता इथे बाजू घेणं वाटतं तितकं सोपं नाही. मंडळाच्या बाजूने बोलायचं तर हा घोळ आणखी लांबला असता तर माणसंच मेली असती. पुरावा १८६६चा आहे. त्या साली कॉलरा आला तेव्हा बॅझलजेटच्या वाहिन्या पोचलेल्या भागात तो फारसा पसरला नाही. पूर्व लंडनचं काम मात्र अपुरं होतं, पाणी कंपनीने न गाळलेलं पाणी दिलं आणि तिथे साडेपाच हजारांवर बळी गेले. अडून राहिलेल्या कामाची किंमत असते, आणि ती बहुधा गरीब वस्तीच भरते.

पण पंचही चूक नव्हते. मैला आता बार्किंग आणि क्रॉसनेसला, त्या वेळच्या शहराच्या वेशीबाहेर, कच्चाच नदीत पडत होता. नदीत गाळाचे थर साचताहेत अशी तक्रार नदीची देखभाल करणारी संस्था करू लागली. मंडळ म्हणे, आमचा संबंध नाही. ३ सप्टेंबर १८७८च्या संध्याकाळी सहलीहून परतणारी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट नेमकी त्याच पट्ट्यात एका कोळसावाहू जहाजाला धडकून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तासाभरापूर्वीच दोन्ही ठिकाणांहून मैला सोडलेला होता. बुडाल्यामुळे किती मेले आणि त्या पाण्यामुळे किती, याचा हिशोब लागणं शक्यच नव्हतं. पण काढलेली प्रेतं ओळखू येईनात, तेव्हा ‘वेशीबाहेर’ म्हणजे काय ते लोकांना दिसलं.

१८८२ मध्ये लॉर्ड ब्रॅमवेल यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसलं. सोडलेला मैला भरतीबरोबर पुन्हा शहराकडे चढतो, असं त्यात निघालं. पाव शतकापूर्वीचा तोच मुद्दा. मग घट्ट गाळ वेगळा काढून १८८७ पासून जहाजांनी समुद्रात टाकायला सुरुवात झाली. पहिल्या जहाजाचं नाव ‘बॅझलजेट’! (हा मान म्हणावा की टोमणा?) गाळ समुद्रात टाकणं थांबलं ते थेट १९९८ साली. म्हणजे टोक फक्त आणखी पुढे सरकलं होतं.

त्या विटांच्या वाहिन्या आजही वापरात आहेत. बांधल्या त्या पंचेचाळीस लाख माणसांच्या हिशोबाने; आज शहर त्याच्या दुप्पट आहे. थोडा पाऊस पडला तरी मैला मिसळलेलं पाणी ओसंडून नदीत जाई, वर्षाला सरासरी ३.९ कोटी टन. या कारणावरून २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं. मैल्याची आणि पावसाची वाहिनी वेगळी करावी, तर अर्धं लंडन खणावं लागेल. म्हणून नदीखालून २५ किलोमीटर लांब, ७.२ मीटर रुंद टाइडवे बोगदा ठरला. या वेळी आढावा कायद्याने सक्तीचा होता. आवाज, धूळ, मासे, झाडं, पुरातन अवशेष, ट्रकऐवजी बार्जने माती नेणं, सगळं कागदावर आलं. सप्टेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटची जोडणी झाली. गंमत म्हणजे ज्या अभ्यासातून हा बोगदा पुढे आला त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष ख्रिस बिनी नंतर बोगद्याच्याच विरोधात गेले. त्यांच्या मते स्वस्त उपाय पुरेसे होते. खर्च साडेचार अब्ज पौंडांच्या घरात, आणि वसुली पाण्याच्या बिलातून.

आपल्याकडे सांगायचं तर २००६च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत गल्लीतली मलवाहिनी बदलण्याचं काम येतच नाही. किनाऱ्याजवळच्या सीआरझेड पट्ट्यात आलं तर मात्र परवानगी लागते. म्हणजे मुंबईत प्रश्न विचारला जातो तो बहुतेक वाहिनीच्या समुद्राकडच्या टोकालाच. वरळी आणि वांद्रे इथल्या समुद्राखालच्या वाहिन्या किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून आत जाऊन सांडपाणी सोडतात. मुंबईतल्या सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, खर्च १७,००० कोटींच्या वर. त्या सातांत वरळी आणि वांद्रेही आहेत.