आशियातला वेस्टर्न: घोडे तेच, कायदा कोणाचा?

वेस्टर्न हा अमेरिकी चित्रपटांचा जुना प्रकार. एकोणिसाव्या शतकातला पश्चिमेचा मुलूख, उजाड माळ, घोडे, पिस्तुलं आणि सरकार नीट पोचलेलं नाही असं एखादं गाव. अशा ठिकाणी न्याय कोणी करायचा, हा त्यातला मूळ प्रश्न. आशियातल्या दिग्दर्शकांनी घोडे आणि बंदुका उचलल्या, उत्तर मात्र आपापल्या इतिहासात शोधलं.

ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. जपानचे अकिरा कुरोसावा हे जॉन फोर्डच्या वेस्टर्नचे चाहते. त्यांच्या 'सेव्हन सामुराय'वरून (१९५४) हॉलिवूडने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) काढला. 'योजिम्बो' (१९६१) तर इटलीच्या सर्जिओ लिओनेने परवानगी न घेताच 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) म्हणून उभा केला. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि तडजोडीत जपानी बाजूला उत्पन्नातला १५ टक्के वाटा मिळाला.

भारतातलं ठळक उदाहरण अर्थातच 'शोले' (१९७५). रमेश सिप्पींनी रामगढ उभारलं कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत. रेल्वेवरच्या हल्ल्याचं चित्रीकरण मात्र पनवेलजवळ, मुंबई-पुणे लोहमार्गावर झालं. इथला ठाकूर हा पोलीस अधिकारी राहिलेला माणूस. कायद्याने गब्बर आवरत नाही, म्हणून तो दोन भुरट्या चोरांना बोलावतो. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. पण तो काळ आणीबाणीचा. पोलीस खात्यातल्या माणसाने कायदा हातात घेणं सेन्सॉरला रुचलं नाही. मग पुन्हा चित्रीकरण करून ऐन वेळी पोलीस आणावे लागले. म्हणजे न्याय कोणी करायचा याचं उत्तर इथे पटकथेने नाही, सरकारने दिलं! मूळ शेवट असलेली प्रत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली ती थेट २०२५ मध्ये.

कोरियाच्या किम जी-वूनचा 'द गुड, द बॅड, द विअर्ड' (२००८) घडतो १९३०च्या दशकातल्या मांचुरियात. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात. एका नकाशामागे धावणाऱ्या तिघा कोरियन माणसांना स्वतःचं सरकारच नाही. कायदा मोडायचा तरी कोणाचा? वरकरणी धमाल असलेल्या या चित्रपटाच्या तळाशी ही बोच आहे. थायलंडचा भडक रंगांतला 'टियर्स ऑफ द ब्लॅक टायगर' (२०००) किंवा जपानी नटांना इंग्रजी बोलायला लावणारा ताकाशी मिइकेचा 'सुकियाकी वेस्टर्न जँगो' (२००७) यांचा भर मात्र शैलीवर अधिक.

क्लिंट ईस्टवूडला जगभर नाव मिळालं ते लिओनेच्या त्या उचललेल्या चित्रपटामुळे. पुढे त्याने दिग्दर्शित केलेल्या 'अनफर्गिव्हन'ची (१९९२) जपानी आवृत्ती २०१३ मध्ये ली सांग-इलने केली. कथा १८८०च्या दशकातल्या होक्काइदोतली. केन वातानाबेचा नायक हा पराभूत राजवटीचा योद्धा, त्याची दिवंगत पत्नी ऐनू जमातीची. ऐनू हे त्या बेटाचे मूळ रहिवासी. अनेक जुन्या अमेरिकी वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी दिसायचे ते हल्लेखोर म्हणून. इथे एक ऐनू तरुण नायकाच्या जोडीने निघतो.