लोकरी मावा आणि त्याचे भक्षक

इतिहासाचा विषय निघाला की आपल्या घरांतून उदगीरची लढाई आणि १७६० चा तह यांचे स्मरण होते. त्या तहानेच बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. पिकांवर आलेल्या स्वाऱ्यांची बखर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. अशी एक स्वारी २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यातील उसावर झाली.

हा आक्रमक म्हणजे लोकरी मावा. १८९७ मध्ये झेंटनर या कीटकशास्त्रज्ञाने जावा बेटावरून त्याचे वर्णन केले होते. ईशान्य भारतात तो पूर्वीपासून होता; दख्खनच्या शेतकऱ्याला मात्र सर्वस्वी अनोळखी. पानाच्या खालच्या बाजूस, मध्यशिरेलगत, पांढऱ्या मेणतंतूंखाली तो रस शोषीत बसतो. त्याच्या गोड स्रावावर काळी बुरशी चढते आणि हिरवे शेत काळवंडते. मादी नराविनाच पिल्लांना जन्म देते, त्यामुळे सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगावपर्यंत तो पाहता पाहता पोहोचला. डोक्यावर गेलेल्या उसात शिरून फवारणी करणे दुष्कर; आणि केली तरी औषध मित्र-शत्रू पाहत नाही.

माव्यापाठोपाठ त्याचे भक्षकही वाढू लागले होते. डिफा नावाच्या लहानशा पतंगाची अळी वसाहतीतच रेशमी जाळे विणून माव्यावर जगते. तपकिरी, जाळीदार पंखांचा मायक्रोमस अळीपणी खातो, प्रौढपणीही खातो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखान्यांनी हे कीटक शेडनेटमध्ये वाढवून वाटले. भक्षक असलेली पाने कापून दुसऱ्या शेतातील उसाला बांधण्याची साधी रीतही चालली. काही वर्षांत मावा आटोक्यात आला. नाहीसा झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

या प्रकरणात मला सर्वांत अवघड वाटतो तो हात आवरण्याचा भाग. भक्ष्य वाढल्यावाचून भक्षक वाढत नाही. म्हणजे पान पांढरे पडत असताना काही दिवस थांबायचे. कर्ज काढून ऊस लावलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नव्हते.

जसोंडी ज्या जिल्ह्यात आहे तो बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा आणि कापसाचा. कापसावरच्या माव्याला खाणारे ढालकिडे आपल्याकडेही आहेत. लाल, ठिपकेदार भुंगा मुलेसुद्धा ओळखतात. त्याची काळसर, काटेरी अळी मात्र कीड समजून चिरडली जाते, आणि माव्याचा अधिक फडशा पाडणारी बहुधा तीच असते.