दत्तकाची जाड फाईल



माझी पुतणी आणि जावई अमेरिकेत असतात. महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहातली अडीच वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, मुलीचा पासपोर्ट आला. आता पुढच्या महिन्यात दोघे येतील, तिला ताब्यात घेतील आणि व्हिसा होईपर्यंत आमच्याकडे राहतील. फाईलची एक प्रत माझ्याकडे आहे. ती पाहून घरी येणारे सगळे विचारतात, "एका लेकराला घर द्यायला एवढे कागद?"

मी कॉमर्सची पदवीधर. प्रत्येक व्हाउचरमागे एक व्यवहार असतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. या फाईलमधल्या प्रत्येक कागदामागेही काहीतरी घडलेले आहे. म्हणून थोडा मागचा इतिहास सांगते.

आपल्याकडे दत्तक म्हटले की पूर्वी डोळ्यांसमोर यायची ती गादी आणि मालमत्ता. १८४८ मध्ये साताऱ्याचा आणि पुढे झाशीचा दत्तक डलहौसीने नाकारला आणि दोन्ही राज्ये खालसा केली. १८७५ मध्ये कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला जमनाबाईंनी दत्तक घेतले. ते सयाजीराव गायकवाड झाले. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. या दोघांनी रयतेचे किती भले केले ते आपण जाणतोच. पण दत्तक घेण्यामागचा विचार एकच होता, घराण्याला वारस हवा. म्हणून मुलगाच हवा, तोही नात्यातला किंवा जातीतला. ज्याला कोणीच नाही अशा लेकराचा त्यात विचार नव्हता.

त्या लेकरांचा विचार करणारेही त्याच काळात होते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पदरात घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करताच सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरात १८७५ मध्ये टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम सुरू झाला, तोही याच विचाराने.

आपल्या जैन समाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्यात पिंडदान नाही, श्राद्ध नाही. मुलाने पाणी दिल्याशिवाय बापाला गती नाही, असे आपला धर्म मानत नाही. ज्याचे कर्म त्याच्याबरोबर. त्यामुळे जैनांमध्ये दत्तक हा धार्मिक विधी नसून संसारातला व्यवहार आहे, हे इंग्रजांच्या न्यायालयांनीही मान्य केले. १८७८ मध्ये शिवसिंह राय विरुद्ध दाखो या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले की रूढीप्रमाणे निपुत्रिक जैन विधवा पतीच्या परवानगीशिवाय दत्तक घेऊ शकते. चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये 'जैन लॉ' हे पुस्तक लिहिले, त्यातही हा विषय आहे. म्हणजे "वंशाचे काय?" हा प्रश्न खरे तर आपल्याला पडायलाच नको. तरी तो पडतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे पुतणीच्या आईनेच, तो मला विचारला. मी त्यांना स्वाध्यायात ऐकलेल्या जीवंधरकुमाराची आठवण करून दिली. राणी विजया स्मशानात बाळंत झाली आणि ते बाळ गंधोत्कट नावाच्या व्यापाऱ्याने उचलून घरी नेले. तो स्वतःचे मेलेले मूल घेऊन तिथे आला होता. त्याने त्या बाळाचे कूळ विचारले नाही. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दुपट्यासाठी जुनी मऊ सुती साडी काढून बसल्या.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. तो जैन, बौद्ध आणि शीखांनाही लागू आहे. मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि अविवाहित स्त्रीलाही दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. पण ख्रिश्चन, मुस्लिम, पारशी आणि परदेशी लोकांसाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. परदेशी जोडपी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून पालकत्व घेत, मुलाला आपल्या देशात नेत आणि तिथल्या कायद्याने दत्तक करत. मूल एकदा विमानात बसले की त्याचे पुढे काय झाले हे इथे कोण विचारणार? बहुतेक मुले चांगल्या घरी गेली. पण मध्यस्थ शिरले, पैशांचे व्यवहार झाले आणि तक्रारी येऊ लागल्या.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला याबद्दल एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला आणि आमच्या फाईलचा पाया तिथे घातला गेला. आधी मुलासाठी देशातच घर शोधा, ते मिळाले नाही तरच परदेशाचा विचार करा. जन्मदात्या आईला निर्णय बदलण्यासाठी वेळ द्या, तिच्यावर दबाव नको. परदेशी जोडप्याने परस्पर यायचे नाही, त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने त्यांच्या घराची, उत्पन्नाची, स्वभावाची चौकशी करून अहवाल द्यायचा. मूल गेल्यावरही त्याची खबर येत राहिली पाहिजे. या निकालानंतर १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय संस्था स्थापन झाली.

जगातही तेच चालले होते. कोरियाच्या युद्धानंतर हजारो मुले अमेरिका-युरोपात गेली, पुढे इतर देशांतूनही गेली. त्यांचा बाजार होऊ नये म्हणून २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. दोन्ही देशांच्या सरकारी यंत्रणांनी होकार दिल्याशिवाय मूल हलत नाही, हे त्याचे सार. आपल्याकडे बाल न्याय कायद्याने २००० नंतर, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीने, कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट उघडली. आता २०१५ चा कायदा आहे आणि २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी आदेश देतात.

आता फाईल उघडून बघा. बालकल्याण समितीचा दाखला म्हणजे मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे आहे. कोणी सोडून दिलेले मूल असेल तर आधी त्याच्या आईवडिलांचा शोध घेतात. आईने स्वतः सोपवले असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. पुतणीच्या घराचा अहवाल, पोलिसांचा दाखला, पगाराचे कागद. मुलीचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. काराचे ना हरकत पत्र. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. नव्या आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला. हेग करारानुसार सगळे झाल्याचे प्रमाणपत्र. राहिला व्हिसा. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी होईल, अडीच वर्षांची असल्याने क्षयासाठी रक्तही तपासतील.

एखादा कागद राहिला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा तिथे २००० मध्ये झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्या दिवशी ज्यांची १८ वर्षे पूर्ण झाली होती, त्यांना तो लागू नाही. लहानपणी कोरियातून नेलेल्या आणि आईवडिलांनी नागरिकत्वाचा अर्ज न केलेल्या काहींना मोठेपणी, भाषाही येत नसलेल्या देशात परत पाठवले गेले. हे वाचल्यापासून मी जाड फाईलबद्दल कुरकुर करत नाही.

पण कागदाने मूल आपले होत नाही, एवढेही कळते. अडीच वर्षांचे लेकरू म्हणजे कोरी पाटी नव्हे. शिशुगृहातल्या ज्या मावशीच्या कुशीत ती झोपते, तीच आज तिची आई आहे. ज्या दिवशी आम्ही पेढे वाटू, त्या दिवशी तिचे सगळे जग सुटणार आहे. म्हणून पुतणीने मावशींना विचारून एक यादी केली आहे. ती काय खाते, कशी झोपते, पाण्याला काय म्हणते, कशाला घाबरते. मऊ वरणभात आणि गुळाचा शिरा आवडतो, असे कळले. तिचे रोजचे पांघरूण मागून घ्यायचे आणि लगेच धुवायचे नाही, कारण त्याचा वास तिच्या ओळखीचा आहे. नाव तेच ठेवायचे. मंदिरातल्या बायकांना मोठा कार्यक्रम हवा होता. त्यांना मी सांगितले, सध्या घरात माणसे कमीच बरी. पहिले काही दिवस भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे पुतणीने आणि जावयांनीच करायचे. आजी म्हणून माझे हात शिवशिवणार, पण मी स्वयंपाकघर सांभाळेन. तिला कळू दे की आपली माणसे कोण. ती रात्री रडली तर तिला गप्प करण्याची घाई नको. ज्याची आठवण येते त्यासाठीच माणूस रडतो.

एक प्रश्न नातेवाइकांकडून अजून येतो, "तिला मोठेपणी सांगणार का?" सांगणारच, आणि मोठेपणी कशाला, पहिल्यापासून. यालाही आपल्या पुराणात उत्तर आहे. पद्मपुराणात सीतेचा जुळा भाऊ भामंडल जन्मताच हरवतो. विद्याधर राजा चंद्रगती त्याला प्रेमाने वाढवतो. पण आपण कोण हे ठाऊक नसल्याने तो सीतेचे चित्र पाहून तिच्यावरच भाळतो. पूर्वभवाचे स्मरण झाल्यावर सत्य कळते आणि तो लाजतो. वाढवणाऱ्यांचे प्रेम खरेच होते, पण त्या प्रेमाने माहितीची जागा भरली नाही. म्हणून या फाईलची एक प्रत तिच्यासाठी जपून ठेवायची, असे ठरले आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिच्या प्रगतीचा अहवाल भारतात यायचा आहे. त्या सहाही अहवालांची एक-एक प्रत मी मागितली आहे. फाईल अजून जाड होईल. होऊ दे.

जय जिनेंद्र.